ऑइलचा लाल दिवा लुकलुकला तर ऑइल घट्ट करू नका, आधी प्रेशर मोजा

कासारवडवलीहून ऐरोलीला रोज ये-जा करणाऱ्या एका गृहस्थांचा हा प्रश्न आहे. गाडी २०१४ ची स्विफ्ट डिझायर, १.३ लिटरचं डिझेल इंजिन, साधारण १ लाख ४० हजार किलोमीटर चाललेली. संध्याकाळी माजिवड्याच्या जाममध्ये, एसी चालू आणि इंजिन चांगलं तापलेलं असताना लाल ऑइलचा दिवा लुकलुकतो. रेस जरा दिली की विझतो. सकाळी थंड गाडीत काही दिसत नाही. गॅरेजवाले म्हणतात, २०डब्ल्यू-५० हे जास्त घट्ट ऑइल टाकू, दिवा बंद होईल. मित्र म्हणतो, सेन्सर गेलाय, मनावर घेऊ नकोस. डिपस्टिकवर लेव्हल बरोबर आहे. गाडी चालवावी का, आणि पुढच्या वेळी कोणतं ऑइल भरावं?

थेट सांगतो. गेज लावून प्रेशर मोजेपर्यंत गाडी चालवू नका, आणि २०डब्ल्यू-५० तर मुळीच टाकू देऊ नका. मित्राचं म्हणणं खरंही निघेल, पण सेन्सर गेलाय हे तपासून ठरवायचं असतं. तपासायला अर्धा तास लागतो. मानून चाललात आणि अंदाज चुकला, तर क्रँकशाफ्ट जातो.

त्या दिव्याला नेमकं काय कळतं ते आधी बघा. इंजिन ब्लॉकवर ऑइलच्या वाटेत एक छोटं प्रेशर स्विच बसवलेलं असतं. बहुतेक गाड्यांत प्रेशर ०.३ ते ०.५ बारच्या (बार हे प्रेशरचं माप) खाली गेलं की ते दिवा लावतं. निरोगी डिझेल इंजिन गरम असताना आयडलिंगला साधारण १ बार किंवा त्याहून थोडं जास्त देतं. म्हणजे दिवा लुकलुकायला लागतो तेव्हा प्रेशर असायला हवं त्याच्या निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली उतरलेलं असतं. टेम्परेचरच्या काट्यासारखी हळूहळू चढणारी सूचना इथे मिळत नाही. १.२ चं ०.८ झालं, ०.८ चं ०.६ झालं, तेव्हा डॅशबोर्डवर तुम्हाला काहीच दिसलेलं नसतं.

आता प्रेशर का पडतं, ते. ऑइल पंप प्रेशर बनवतो असा सगळ्यांचा समज असतो. पंप फक्त ऑइल ढकलतो. ते ऑइल बेअरिंगच्या बारीक फटीतून बाहेर पडताना अडतं, आणि त्या अडण्यातून प्रेशर तयार होतं. सोसायटीत खालच्या मजल्यांवरचे सगळे नळ एकदम सोडले की वरच्या मजल्यावर पाण्याची धार बारीक होते, पंप मात्र तोच असतो. बेअरिंग झिजलं की इंजिनातही तसंच होतं. क्रँकच्या मेन बेअरिंगमधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांची असते, साधारण ०.०३ ते ०.०७ मिमी. फटीतून किती ऑइल निसटेल हे फटीच्या घनावर अवलंबून असतं. फट दुप्पट झाली की गळती आठपट होते. म्हणून झीज बरीच वर्षं लपून राहते आणि एकदा दिसू लागली की वेगाने वाढते.

२०डब्ल्यू-५० चं गणितही याच्याशेजारी मांडून बघा. १०० अंशाला ३० ग्रेडचं (म्हणजे डब्ल्यूनंतरचा आकडा ३०) ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (घट्टपणाचं माप) इतकं घट्ट असतं, ४० ग्रेडचं १२.५ ते १६.३, आणि ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९. म्हणजे ३० वरून ५० वर गेलात तर घट्टपणा दीड-पावणेदोनपट वाढतो. एका बाजूला आठपट गळती आणि दुसऱ्या बाजूला पावणेदोनपट घट्ट ऑइल. दिवा विझेल हे खरं, कारण स्विचला ०.५ च्या वर काही मिळालं की ते गप्प बसतं. झिजलेलं बेअरिंग झिजतच राहील, फक्त आता तुम्हाला ते कळणार नाही. दिवा विझवून गाडी विकायची असेल त्याला हा उपाय सोयीचा आहे. आपली गाडी आपणच चालवणार असाल तर तो तुमच्याच विरोधात जातो.

तुमच्या इंजिनात घट्ट ऑइलचं आणखी एक नुकसान आहे. तुमच्या १.३ लिटरच्या या मल्टिजेट इंजिनाला टायमिंग चेन आहे, आणि चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर घट्ट ऑइल वरपर्यंत पोचायला वेळ घेतं. तेवढा वेळ चेन ढिली खडखडते आणि टर्बोचा शाफ्ट जवळजवळ कोरडा फिरतो. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो आणि तो टिकतो निव्वळ ऑइलच्या पापुद्र्यावर. ऑइल कमी पडलं की पहिला बळी बहुतेक वेळा त्याचाच जातो.

दिवा कधी लागतो यावरून बरंच कळतं, म्हणून मी गाडी उचलण्याआधी मालकाला हेच खोदून खोदून विचारतो. फक्त गरम असताना आणि आयडलिंगला लुकलुकतो, रेस दिल्यावर विझतो, ही तुमची गोष्ट. इथे संशय घ्यायचा तो पातळ झालेल्या ऑइलचा, झिजलेल्या बेअरिंगचा, पंप जिच्यातून ऑइल ओढतो त्या अर्धवट तुंबलेल्या जाळीचा, थकलेल्या पंपाचा किंवा खरोखरच स्विचचा. गायमुखच्या चढावर, जोरात ब्रेक दाबल्यावर किंवा वळणावर क्षणभर लागतो, तर लेव्हल कमी आहे आणि ऑइल एका बाजूला सरकलं की पंप हवा ओढतोय. सकाळी स्टार्ट केल्यावर तीन-चार सेकंद राहतो आणि मग दिवसभर ठीक, तर बहुधा ऑइल फिल्टरमधला, ऑइल मागे उतरू न देणारा वॉल्व्ह हलका आहे आणि रात्रीत ऑइल खाली उतरतं. आणि चालत्या गाडीत, हायवेच्या वेगाला, दिवा लागून तसाच राहतो, तर मग विचार करत बसायचा नसतो.

त्या शेवटच्या प्रसंगाबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इंजिनं तिथेच जातात. ठाणे-बेलापूर रोडवर किंवा घोडबंदरवर दिवा पेटला की माणूस म्हणतो, गॅरेज दोन किलोमीटरवर आहे, हळूहळू नेऊ. ऑइल नसलेल्या बेअरिंगला दोन किलोमीटर फार होतात. डावीकडे घ्या, इंजिन बंद करा, हॅझर्ड लावा, मागे त्रिकोण ठेवा. घोडबंदरवर कंटेनर अगदी अंगावरून जातात, तेव्हा माणसं गाडीत बसवून ठेवू नका, कठड्याच्या पलीकडे उभी करा. सात-आठ मिनिटं ऑइल खाली उतरू द्या, मग डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि बघा. ऑइल खालच्या खुणेच्या खाली असेल आणि गाडीखाली धार लागलेली नसेल, तर जवळच्या पेट्रोल पंपावर मिळेल ते जवळच्या ग्रेडचं डिझेल इंजिन ऑइल टॉप-अप करा. ब्रँड वेगळा असला तरी चालतं, घरी पोचण्यापुरती मिसळ इंजिनाला सहन होते. बहुतेक गाड्यांत डिपस्टिकच्या दोन खुणांमधलं अंतर लिटरभराच्या आसपास असतं, म्हणून थोडं थोडं ओता आणि बघत राहा. लेव्हल बरोबर असूनही दिवा लागलेला असेल, तर इंजिन पुन्हा सुरू करू नका, टो करून न्या.

पिवळा दिवा वेगळा. काही गाड्यांत पिवळी ऑइलची बरणी लेव्हल कमी असल्याचं सांगते, आणि पान्याचं चिन्ह नुसतं सर्व्हिसची आठवण करून देतं. त्यांना घाबरायचं कारण नाही, पण आठवडाभर टाळूही नका. आणि एक सवय लावून घ्या. किल्ली ऑन केल्यावर लाल दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. किल्ली ऑन केल्यावर तो लागतच नसेल, तर आधी तो दुरुस्त करून घ्या, नाहीतर गाडी सूचना न देताच बंद पडेल.

आता तपासणी. क्रम महत्त्वाचा आहे, कारण स्वस्तातल्या गोष्टी आधी बघायच्या असतात.

सपाट जागेवर डिपस्टिक काढा, आणि लेव्हल बघून थांबू नका. ऑइल बोटावर घेऊन वास घ्या. डिझेल इंजिनाचं ऑइल बदलल्यावर काही दिवसांतच काळं पडतं, ती काजळी असते आणि काजळी आपल्यात धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. काळ्या रंगावरून घाबरू नका. पण लेव्हल वरच्या खुणेच्याही वर गेली असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर ऑइलमध्ये डिझेल मिसळतंय, म्हणजे ऑइल पातळ झालंय. तुमच्या गाडीत डीपीएफ, म्हणजे धूर गाळणारा फिल्टर, नाही, त्यामुळे तसं असलंच तर संशय टपकणाऱ्या इंजेक्टरवर जाईल. ऑइल दुधाळ किंवा खाकी दिसलं तर पाणी गेलंय. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढलेली असेल, तर हे आधी बघा. लेव्हल मुद्दाम जास्त भरलेली असणंही वाईट, कारण फिरणारा क्रँक ते ऑइल घुसळतो, फेस होतो आणि फेसाने प्रेशर पडतं. 'थोडं जास्त असलेलं बरं' हा समज ठाण्यात मी भरपूर ऐकलाय. तो चुकीचा आहे.

मग स्विच. एका वायरच्या स्विचवाल्या गाडीत किल्ली ऑन करून त्याचा कनेक्टर काढा. दिवा विझला तर वायर ठीक आहे. तरीही लागलेलाच राहिला तर वायर कुठेतरी बॉडीला टेकतेय. कनेक्टरमध्ये ऑइल झिरपलेलं दिसलं, तर स्विचचा पडदा फाटलाय. स्विचचा खर्च काही शे रुपयांचा, त्यामुळे संशय असेल तर कंपनीचंच नवीन घाला. पण 'स्विच बदललं, दिवा गेला' एवढ्यावर समाधान मानू नका. त्याच भोकात गेज लागतो, म्हणून स्विच काढलंच आहे तर दहा मिनिटं देऊन प्रेशर मोजूनच घ्या.

मोजणी अशी करायची. स्विच काढून त्या जागी यांत्रिक गेज बसवा. आटे जुळणारं नोझल हवं, जबरदस्ती केलीत तर ब्लॉकमधले आटे जातील आणि नवं दुखणं लागेल. इंजिन चांगलं गरम होऊ द्या, रेडिएटरचा पंखा दोनदा फिरेपर्यंत. थंड इंजिनावर घेतलेल्या आकड्याला काहीच अर्थ नाही, कारण थंड ऑइल घट्ट असतं आणि प्रेशर छान दाखवतं. एसी चालू करून आयडलिंगचा आकडा लिहा, मग २,००० आरपीएमचा, मग ३,००० चा. गॅरेजमध्ये याला किलोत मोजतात, एक किलो म्हणजे जवळजवळ एक बार, त्यामुळे गोंधळ नको. अंतिम आकडा वर्कशॉप मॅन्युअलमधला. तो हाताशी नसेल तर जुना ढोबळ नियम उपयोगी पडतो: दर हजार आरपीएमला साधारण ०.७ बार. आयडलिंगला १ बार, २,००० ला २ च्या आसपास आणि ३,००० ला ३ किंवा त्याहून जास्त मिळालं, तर तुमचं इंजिन ठीक आहे आणि गुन्हेगार स्विच आहे. आयडलिंगला ०.४ आणि ३,००० ला जेमतेम १.५, तर झीज किंवा अडथळा खरा आहे. आयडलिंगला कमी पण ३,००० ला चांगलं मिळतंय, तर पातळ झालेलं ऑइल आणि सुरुवातीची झीज यांच्या मध्ये कुठेतरी आहात. अशा वेळी पुस्तकातल्या ग्रेडचं ताजं ऑइल आणि चांगला फिल्टर टाकून पुन्हा मोजा, मग ठरवा.

फिल्टरकडेही बघा. कागदी एलिमेंटवाल्या फिल्टरमध्ये उंची मिलिमीटरभर कमी असलेला नकली फिल्टर, किंवा झाकणाचा ओ-रिंग चुकीच्या खाचेत बसवलेला, या दोन कारणांनी प्रेशरची तक्रार घेऊन आलेल्या गाड्या मी पाहिल्यात. फिल्टर तुंबला की बायपास वॉल्व्ह उघडतो, आणि न गाळलेलं ऑइल तसंच बेअरिंगला जातं. पन्नास-शंभर रुपये वाचवायची ही जागा नाही.

आकडे कमी आले तर चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइल साठवणारं भांडं, उतरवायचा. इथे मी एक गोष्ट आवर्जून बघतो. आपल्याकडच्या खड्ड्यांनी आणि गल्लीतल्या उंच स्पीडब्रेकरांनी चेंबरला खालून पोचा बसतो, आणि तो पोचा नेमका ऑइल ओढणाऱ्या जाळीच्या खाली असेल तर जाळी आणि तळ यांतली जागाच संपते. पंपाला ऑइल ओढता येत नाही. बाहेरून बघितलं तर नुसता एक डेंट असतो. त्यामुळे गाडी रॅम्पवर घेतल्यावर पहिली नजर तिथे.

जाळी हातात आली की तिच्यावर काय बसलंय ते सगळं सांगून जातं. एका गाडीच्या जाळीवर पातळ नारिंगी धाग्यांचा गुंता होता. आधीच्या कामात चेंबर बसवताना कोणीतरी सिलिकॉन गॅस्केट मेकर बोटभर जाड लावला होता, दाबल्यावर तो आत ओघळला, सुकला आणि तुकड्यातुकड्याने जाळीवर येऊन बसला. बेअरिंग उत्तम होती. जाळी धुतली, सिलिकॉनची बारीक रेघ ओढून चेंबर बसवला आणि प्रेशर परत आलं. त्या मालकाला दुसरीकडे हाफ इंजिनचा खर्च सांगून झाला होता. दुसऱ्या प्रकारात जाळीवर डांबरासारखा काळा थर असतो. तो बहुधा इंजेक्टरच्या खालच्या तांब्याच्या वॉशरमधून निसटणाऱ्या जळक्या वायूचा असतो. तो वायू ऑइलमध्ये शिरतो आणि ऑइल भाजून टाकतो. तिथे जाळी नुसती धुऊन भागत नाही, वॉशर बदलले नाहीत तर काही महिन्यांत परत तेच. आणि तिसरा, सगळ्यात वाईट प्रकार: चेंबरच्या तळाला ऑइल बोटाने फिरवलं की चंदेरी-तांबूस चमक दिसते.

ती चमक दिसली की एक कनेक्टिंग रॉडची कॅप उघडायची. नव्या बेअरिंगची शेल आतून एकसारखी करडी, मऊ दिसते. झिजलेल्या शेलवर मधोमध करडा थर निघून खालचा तांबूस थर उघडा पडलेला असतो, कडेला बारीक ओरखडे असतात. नखाने चाचपल्यावर ओरखडे लागत असतील तर क्रँकच्या जर्नलवरही, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावरही, तेच तपासा. जर्नल गुळगुळीत असेल आणि मायक्रोमीटरने माप बरोबर भरत असेल, तर नवीन शेल घालून तुम्ही सुटलात. जर्नल खरवडला असेल तर इंजिन बाहेर, आणि क्रँक ग्राइंड करायचा की बदलायचा याचा निर्णय उत्पादकाच्या पुस्तकावर, कारण काही क्रँकना ग्राइंडिंग चालत नाही. दिवा लुकलुकण्याच्या पातळीवर गाडी थांबवलीत, तर बहुतेक वेळा शेल बदलण्यावरच निभावतं. ठकठक आवाज यायला लागल्यावर आणलीत, तर शेलवर भागत नाही. म्हणून मी सुरुवातीलाच गाडी थांबवा म्हणालो.

पंपाचा जास्तीचं प्रेशर सोडून देणारा रिलीफ वॉल्व्ह बारीक कचऱ्याने उघडा अडकतो, तेही चेंबर उतरवलाच आहे तर बघून घ्यायचं. फ्लशिंगबद्दल, म्हणजे रसायन टाकून इंजिन आतून धुण्याबद्दल, माझं मत ठाम आहे: जुन्या, आत गाळ साठलेल्या इंजिनात जोरदार फ्लश टाकू नका. सुटलेला गाळ जाळीवरच जाऊन बसतो. चेंबर उतरवून हाताने साफ करा.

आता ऑइलची निवड. डब्यावरच्या तीन गोष्टी वाचायला शिका. त्यानंतर ब्रँडचा वाद फारसा उरत नाही.

पहिली, ग्रेड. ५डब्ल्यू-३० मधला ५डब्ल्यू थंडीत ऑइल किती पातळ राहतं ते सांगतो. ५डब्ल्यूची क्रँकिंगची चाचणी उणे ३० अंशाला होते, १५डब्ल्यूची उणे २० ला. ठाण्यात आपल्याला उणे काही बघायचं नाही, म्हणून दुकानदार म्हणतो १५ घ्या, फरक पडत नाही. थोडा पडतो. २० अंशाच्या सकाळीही ५डब्ल्यू वरपर्यंत लवकर पोचतं आणि टर्बोला ते हवं असतं. पण आपल्या जाममध्ये आणि उन्हात जास्त महत्त्वाचा तो दुसरा आकडा, ३० की ४०. तो इंजिनाच्या पुस्तकातून घ्यायचा. जुन्या बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या गाड्यांच्या पुस्तकात १५डब्ल्यू-४० असेल तर तेच बरोबर, तिथे ५डब्ल्यू-३० टाकून शहाणपणा करू नका. पुस्तकात ५डब्ल्यू-३० आणि ५डब्ल्यू-४० दोन्ही दिलेले असतील, गाडी लाखापुढे चाललेली असेल आणि गेजचे आकडे चांगले असतील, तर मी ४० निवडतो. दिवा विझवायला नाही, तर गरम जाममध्ये बेअरिंगवर पापुद्रा थोडा जाड राहावा म्हणून.

दुसरी, दर्जाची खूण, आणि माझ्या मते हीच सर्वात महत्त्वाची. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत सहसा डीपीएफ असतो, म्हणजे धूर गाळणारा फिल्टर. त्यात अडकलेली काजळी गाडी अधूनमधून जाळून टाकते. पण ऑइलमधून आलेली राख जळत नाही, ती कायमची साठते. म्हणून अशा गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं: एसीईए या युरोपीय मानकाचं सी२ किंवा सी३, किंवा जपानी गाडीच्या पुस्तकात असेल तर जेएएसओ या जपानी मानकाचं डीएल-१. सी३ ऑइलमध्ये सल्फेटेड राख ०.८ टक्क्यांपर्यंतच चालते, एसीईएच्याच ए३/बी४ या दर्जात ती १.६ टक्क्यांपर्यंत असू शकते. ट्रकसाठीचं सीआय-४ ऑइल तुर्भ्याच्या दुकानात स्वस्त मिळतं म्हणून बीएस-६ कारमध्ये भरलंत, तर गाडी उत्तम चालेल आणि डीपीएफ वेळेच्या फार आधी भरेल. त्याची किंमत बघितलीत तर ऑइलमधले वाचलेले पैसे विसराल. उलट, तुमच्यासारख्या बीएस-४, डीपीएफ नसलेल्या गाडीला पुस्तकात सांगितलेलं ए३/बी४ वगैरे ऑइल योग्य. जास्त महाग सी३ घेतल्याने इंजिन जास्त जगतं असं काही नाही.

तिसरी, कंपनीची स्वतःची मान्यता: फोक्सवॅगन ५०७.००, रेनॉच्या डीपीएफ गाड्यांसाठी आरएन०७२०, फोर्डसाठी ९१३-डी, अशी. डब्यावर 'मान्यताप्राप्त' लिहिलंय की नुसतं 'साठी योग्य', ते बघा. दुसऱ्यामागे फक्त ऑइल कंपनीचा शब्द असतो. सिंथेटिक या शब्दावर मात्र फार भिस्त ठेवू नका. खूप शुद्ध केलेलं खनिज तेलही बाजारात सिंथेटिक म्हणूनच विकलं जातं. ते वाईट नसतं, पण खरी ओळख वरच्या तीन खुणांतच मिळते.

बीएस-६ वाल्यांना इथेच सांगून टाकतो, कारण त्यांच्यात प्रेशरचा प्रश्न वेगळ्या वाटेने येतो. काजळी जाळताना गाडी सिलिंडरमध्ये जास्तीचं डिझेल सोडते. मध्येच जाम लागला, तुम्ही घरी पोचून गाडी बंद केलीत, की ते काम अर्धवट राहतं आणि थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. रोज असं झालं की लेव्हल वर चढते, ऑइल पातळ होतं, प्रेशर उतरतं. घरापासून स्टेशनपर्यंतच गाडी चालवणाऱ्यांनी डिपस्टिक महिन्यातून दोनदा तरी बघावी आणि आठवड्यातून एकदा गाडी वीस मिनिटं सलग पळवावी. नवी मुंबईवाल्यांना अटल सेतू जवळ आहे, ठाणेकरांना नाशिक हायवे. ऑइल वरच्या खुणेच्या वर गेलं असेल तर किलोमीटर न मोजता बदलून टाका.

बदलण्याचा काळ. तुमच्या पुस्तकात १० हजार किलोमीटर किंवा १ वर्ष असं आहे. पण इंजिन किलोमीटर मोजत नाही, ते तास चालतं. हायवेवर ताशी ५० च्या सरासरीने १० हजार किलोमीटर म्हणजे २०० तास. घोडबंदरच्या संध्याकाळी सरासरी १५ पडली, तर तेवढ्याच किलोमीटरला साडेसहाशेहून जास्त तास लागतात, आणि त्यातले कितीतरी एसी लावून आयडलिंगचे. तुमच्या इंजिनात ऑइल मावतं जेमतेम तीन लिटर, इनोव्हात त्याच्या दुपटीहून जास्त. तेवढ्याशा ऑइलवर तेवढाच भार. मी तुमच्या वापराला ६ ते ७ हजार किलोमीटर किंवा ८ महिने, जे आधी होईल ते, असं सांगेन, आणि दर वेळी फिल्टरही बदला.

खरेदी करताना बिल द्या म्हणा, सील आणि बॅच नंबर बघा. आणि रिकामा डबा गॅरेजमध्ये सोडू नका, भोक पाडून टाका. नकली ऑइल भरायला अस्सल डबेच लागतात. निघालेलं ऑइल मात्र गटारात जाऊ देऊ नका, अधिकृत गोळा करणाऱ्याकडेच द्यायला सांगा. आपल्या गटारांचं पाणी शेवटी ठाण्याच्या खाडीत उतरतं, आणि ती २०२२ पासून रामसर स्थळ आहे.

तुमच्या गाडीचं आता असं करा. टो करून न्या, नवीन स्विच घ्या, ते बसवण्याआधी गेज लावून तीन आकडे लिहून घ्या. ठीक आले तर स्विच बसवा आणि पुस्तकातलं ऑइल चालू ठेवा. कमी आले तर चेंबर उतरवून घ्या, जाळी आणि एक बेअरिंग स्वतःच्या डोळ्यांनी बघा, त्याचे फोटो काढा, आणि मगच खर्चाला हो म्हणा. काम झाल्यावर इंजिन एकदम सुरू करू देऊ नका. फिल्टरमध्ये आणि टर्बोच्या ऑइल लाइनमध्ये ताजं ऑइल भरायला सांगा. मग डिझेल सुरू होणार नाही अशा बेताने क्रँक सेन्सरचा कनेक्टर काढून दहा-दहा सेकंद सेल्फ मारायचा, मध्ये सेल्फला विश्रांती द्यायची, आणि लाल दिवा विझल्यावरच कनेक्टर लावून इंजिन चालू करायचं.